चव्वेचाळिसावा ठिपका

शनिवार, २२ नोव्हेंबर १९८६. सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटे. मोजलेले काळे ठिपके : त्रेचाळीस.

मी पुन्हा मोजले. त्रेचाळीस. दुर्बिणीच्या टोकासमोरचा पांढरा कागद बदलला, डोळा लावायची काच मऊ कापडाने पुसली, खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि तिसऱ्यांदा मोजले. त्रेचाळीसच भरले. वहीत मात्र परवाची, गुरुवारची नोंद माझ्याच अक्षरात होती : चव्वेचाळीस.

एक ठिपका कमी भरला म्हणून चाळिशी उलटलेल्या माणसाच्या तळहातांना नोव्हेंबरातल्या दिल्लीत घाम सुटावा, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. म्हणून हे ठिपके म्हणजे काय, ते आधी सांगतो.

त्या काळी मी दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात, पोटाच्या विकारांच्या विभागात उपकरण-तंत्रज्ञ होतो. पुण्याच्या तंत्रनिकेतनातली पदविका आणि कारखान्यातली सात वर्षे गाठीशी घेऊन मी तिथे रुजू झालो होतो. राहायला गाझियाबादेत, सकाळच्या गाडीने यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. विभागात लहानमोठी बरीच यंत्रे होती, पण माझ्या जबाबदारीचा खरा अर्थ एकाच वस्तूत साठवलेला होता. ती म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची, मीटरभर लांबीची, काळी लवचीक नळी. रुग्ण तिला दुर्बीण म्हणत आणि आम्हीही तेच म्हणू लागलो होतो.

तिच्या पोटात केसाहून कितीतरी बारीक असे सुमारे तीस हजार काचतंतू होते. एका टोकाला ज्या क्रमाने लावलेले, दुसऱ्या टोकालाही नेमके त्याच क्रमाने. प्रत्येक तंतू चित्राचा एक कण वाहून आणतो, आणि तीस हजार कण एकत्र आले की डॉक्टरांच्या डोळ्यासमोर माणसाच्या जठराची आतली बाजू उभी राहते. नळी कशीही वाकवा, चित्र मोडत नाही. मी ती प्रथम हातात घेतली तेव्हा पाच मिनिटे नुसता माझ्याच तळहाताच्या रेषा तिच्यातून पाहत बसलो होतो.

यातला एखादा तंतू तुटला की त्याच्यापुरता कण येत नाही. त्या जागी काळा ठिपका दिसतो. रुग्णाने नळी दातांखाली धरली, धुताना ती जास्त वाकली, कपाटाच्या दारात सापडली, की एखादा तंतू जातोच. आणि तुटलेली काच आपणहून जुळत नाही. त्यामुळे ठिपक्यांची संख्या वाढते किंवा तेवढीच राहते. ती कमी होणे शक्य नाही.

मोजणीची पद्धत मीच बसवली होती. दर शनिवारी, रुग्ण येण्यापूर्वी, दुर्बिणीचे टोक पांढऱ्या कागदासमोर धरायचे, दिसणाऱ्या गोलाचे घड्याळाच्या तबकडीप्रमाणे बारा भाग कल्पायचे आणि प्रत्येक ठिपका आलेखाच्या कागदावर मांडायचा. वहीत प्रत्येकाची तारीख आणि कारण. ‘क्र. १९ : रुग्णाने चावली.’ ‘क्र. २६ : कपाटाचे दार.’ ‘क्र. ३१ : कारण कळले नाही.’ विभागातले तरुण डॉक्टर या वहीला ‘मोहरीरांची स्मशानवही’ म्हणत.

विभागाच्या डॉ. सुनीती कारखानीस मात्र कधी हसल्या नाहीत. त्यांनी ठिपक्यांचा नकाशा तपासणीच्या खोलीत भिंतीवर लावून घेतला होता. “मोहरीर,” त्या एकदा म्हणाल्या होत्या, “मला जे दिसतं त्यातलं रुग्णाचं किती आणि यंत्राचं किती, हे कोणीतरी सांगायला हवं ना? ते तुम्ही सांगता, म्हणून मी निर्धास्तपणे बघते.” दोन वर्षे त्या माझ्या वहीच्या भरवशावर पाहत होत्या.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या स्त्रियांच्या वॉर्डातल्या रुग्णाविषयी. चंद्रप्रभाबाई सबनीस, वय सत्तावन्न. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पर्यवेक्षक. निवृत्तीला सात महिने उरलेले. पती सूर्यकांत सबनीस केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. करोल बागेत बत्तीस वर्षे राहणारे हे जोडपे. दिवाळीच्या आठ दिवस आधी बाईंना काळे, चिकट, डांबरासारखे शौच झाले. पोटात दुखत नाही, मग आजार कसला, असे म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी चकलीचा सोऱ्या हातात असतानाच त्या चक्कर येऊन पडल्या, आणि शुद्धीवर येताच रक्ताची उलटी झाली.

रक्त जठरातल्या आम्लात मिसळून खाली उतरले की काळे पडते. म्हणजे गळती वरच्या भागात होती, एवढे नक्की. तिची कारणे सहसा थोडीच असतात : जठरातला किंवा त्याला लागून असलेल्या आतड्यातला व्रण, सांधेदुखीच्या गोळ्यांनी सोलवटलेले अस्तर, यकृत बिघडल्यामुळे अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा, जोराच्या उलटीने गेलेली चीर, क्वचित गाठ. डॉक्टरांनी एकेक कारण तपासून बाजूला सारले. बाई सांधेदुखीची गोळी घेत नसत. यकृत उत्तम होते. पहिल्या तपासणीत जठर रक्ताने भरलेले होते, त्यामुळे काही दिसले नाही. दुसऱ्या वेळी ते स्वच्छ होते, आणि तरीही काही दिसले नाही. गुलाबी, निरोगी, गुळगुळीत अस्तर; व्रण नाही, ओरखडा नाही. रक्त चार दिवस थांबे, बाई उठून बसत, शेजारच्या खाटेवरच्या बायकांना हसवत, आणि पाचव्या दिवशी अचानक तांब्याभर रक्त पडे. असे तीन वेळा झाले. बर्फाचे पाणी नळीने पोटात सोडून झाले, आम्ल कमी करणारी औषधे झाली. रक्ताच्या तेरा बाटल्या झाल्या. त्यांचा रक्तगट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाच्या आता दोनच बाटल्या शिल्लक होत्या.

गुरुवारी तिसरी तपासणी झाली आणि तीही कोरी गेली. तेव्हा शल्यचिकित्सकांनी निर्णय घेतला की शनिवारी साडेदहाला पोट उघडायचे आणि व्रण बहुतेकदा जिथे असतात तो जठराचा खालचा अर्धा भाग काढून टाकायचा. गळती नेमकी तिथे आहे असे कोणीच म्हणत नव्हते. पण पुढचा स्राव बाईंना झेपणार नव्हता, आणि हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा अंदाज बरा, असा तो निर्णय होता. त्या परिस्थितीत त्याला कोणी नाव ठेवू शकले नसते.

ती तिसरी तपासणी कोरी नव्हती. ती मी कोरी ठरवली होती.

गुरुवारी तपासणी संपत आली तेव्हा डॉक्टरांनी नळी आत घालून तिचे टोक पूर्ण उलटे वळवले होते. अशा वेळी दुर्बीण, बगळा मान वळवून स्वतःची पाठ पाहतो तशी, जठराच्या वरच्या तोंडाकडे पाहते. “मोहरीर, तुमचा आणखी एक गेला वाटतं,” डॉक्टर म्हणाल्या. “अकरावर बघा.” आणि त्यांनी डोळ्याची काच माझ्याकडे केली.

मी पाहिले. अकराच्या जागी एक रेखीव काळा ठिपका होता. सोमवारी एका पैलवानी रुग्णाने नळी कडाडून चावली होती, आणि या शनिवारी मोजणीत एखादा तंतू कमी निघणार, हे मी मनात धरूनच होतो. जे धरले होते तेच समोर दिसले.

“हो मॅडम, तंतूच. सोमवारचा.”

ठिपका तंतूचा की रुग्णाचा, हे ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. नळी किंचित फिरवायची. मेलेला तंतू यंत्राचा असतो. चित्र सरकले तरी तो आपल्या जागी राहतो. जठरातली वस्तू चित्राबरोबर सरकते. यासाठी एक सेकंद पुरतो. मी तो मागितला नाही. तेवढ्यात बाईंना जोराचा उमासा आला, डॉक्टरांनी नळी बाहेर घेतली, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे सविस्तर नोंद केली : ‘क्र. ४४. स्थान अकरा, मध्यापासून तिसरे वर्तुळ. नळी ४८ सेंटिमीटर आत, टोक पूर्ण उलटे. कारण : सोमवारचा चावा.’

शुक्रवारी दुर्बीण कपाटात होती. शनिवारी त्रेचाळीस.

मी खुर्चीवर बसून शक्यता मांडल्या. तंतू? तुटलेली काच जुळत नाही, म्हणून नाही. टोकाच्या भिंगावरची घाण, जी धुण्यात निघून गेली? भिंगाला चिकटलेली घाण इतक्या जवळून धूसर, पसरट दिसते. हा ठिपका रेखीव होता, आणि डॉक्टरांनी त्याआधीच भिंगावर पाणी मारले होते. डोळ्याच्या काचेवरची धूळ? ती मी गुरुवारी सकाळीच पुसली होती. उरली एकच जागा. चव्वेचाळिसावा ठिपका दुर्बिणीचा कधीच नव्हता. तो चंद्रप्रभाबाईंच्या जठरात होता, वरच्या तोंडाजवळ. आणि दोन तासांच्या आत जे कापले जाणार होते, तो होता जठराचा खालचा अर्धा भाग.

मी चौथ्यांदा मोजले आणि वही घेऊन जिना चढलो.

डॉक्टर वॉर्डाच्या दाराशी शल्यचिकित्सकांबरोबर कागद पाहत उभ्या होत्या. घड्याळात नऊला पाच मिनिटे होती.

“मॅडम, गुरुवारचा ठिपका तंतू नव्हता.”

“कुठला ठिपका?”

“चव्वेचाळीस. अकरावरचा. आज त्रेचाळीसच भरतात.”

त्यांनी कागदावरून नजर वर केली. “नीट मोजलेत?”

“चार वेळा.”

“मग घाण असेल. धुतल्यावर गेली.”

“घाण एवढी रेखीव दिसत नाही. आणि तुम्ही आधी पाणी मारलं होतंत.”

त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम राग आला, आणि तो योग्यच होता. “मोहरीर, मला नळी फिरवायला का नाही सांगितलंत?”

“चूक माझी आहे. तसं लिहून देतो.”

“लिहून नंतर द्या. नोंद काय आहे ती वाचा.”

मी वाचली. अकरा, तिसरे वर्तुळ, अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, टोक पूर्ण उलटे. ‘उलटे’ हा शब्द ऐकताच त्यांनी डोळे मिटले. “वरचा भाग, आतला वक्र,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग शल्यचिकित्सकांकडे वळून हिंदीत भराभर बोलल्या. व्रण नसताना, निरोगी अस्तराखाली एखादी धमनी जन्मतःच वाजवीपेक्षा जाड असू शकते. ती जठराच्या वरच्या भागातच सहसा असते. एखाद्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून ती उसळते आणि थांबली की मागे खूण ठेवत नाही. फार तर गोठलेल्या रक्ताचा एक कण.

शल्यचिकित्सक उंच, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी आधी माझ्याकडे, मग वहीकडे पाहिले. “दस बजे तक, कारखानीस,” ते म्हणाले. “उसके बाद मरीज मेरी.”

बाईंना सांगणे भाग होते. खाटेच्या कडेला सूर्यकांतराव दोन्ही हातांत बाईंच्या चष्म्याचे घर धरून बसले होते. बाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा होता, पण नजर लख्ख. डॉक्टरांनी थोडक्यात समजावले. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे पाहिले.

“अच्छा! म्हणजे माझ्या पोटातला ठिपका तुम्ही आपल्या वहीत जमा करून टाकलात?”

“हो बाई. चुकलं माझं.”

“तीस वर्षं एक्स्चेंज सांभाळलंय मी, मोहरीर. राँग नंबर लागला तर रडत नाही बसायचं. पुन्हा लावायचा.”

“अगं, जरा जपून बोल,” सूर्यकांतराव म्हणाले. “यंत्र त्यांच्या ताब्यात आहे.”

“ताब्यात त्यांच्या, पण गिळायचंय मला! तुम्ही आता बाहेर बसा. आणि कँटीनमधला चहा पिऊ नका, घसा धरतो तुमचा.” मग आवाज उतरवून त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “बाई, नाही सापडलं तर?”

“तर दहा वाजता ऑपरेशन.”

“आणि ते करून रक्त नाही थांबलं तर?”

डॉक्टर खोटे बोलत नसत. “तर आपल्याकडे फार रक्त उरलेलं नाही.”

“बिल्कुल साफ बोललात,” बाई म्हणाल्या. “चलो.”

नऊ वाजून बावीस मिनिटांनी त्यांना डाव्या कुशीवर निजवले. हाताला चौदावी बाटली लावलेली होती. घसा बधिर केला, दातांमध्ये कडे बसवले. डॉक्टरांनी नळी आत सरकवली. सेंटिमीटरचे आकडे मी मोठ्याने वाचत होतो : तीस, पस्तीस, चाळीस. चाळीसला अन्ननलिका संपून जठर सुरू झाले. अठ्ठेचाळीसला मी थांबा म्हटले. डॉक्टरांनी अंगठ्याने चाक पूर्ण मागे फिरवले.

“काही नाही,” त्या म्हणाल्या.

दोन मिनिटांनी पुन्हा, “काही नाही.”

आतल्या वक्रावरची घडी न् घडी त्यांनी पाण्याने धुतली. नऊ पस्तीस झाले. नाडी मोजणाऱ्या परिचारिका गुणवंत सिस्टर, ज्या एरवी अखंड बोलत, त्या दिवशी फक्त आकडे सांगत होत्या. एकशे चार. एकशे आठ. दाराशी ऑपरेशन थिएटरची चाकांची खाट येऊन थांबल्याचा आवाज झाला. माझ्या मनात आले, आपण दुसऱ्यांदा चुकलो असू तर? तो ठिपका खरोखरच कसलासा कण असेल आणि या बाईंची शेवटची धड वेळ आपण वाया घालवत असू तर?

नऊ एकेचाळीसला डॉक्टर एकदम स्तब्ध झाल्या.

“मोहरीर, इकडे या. काही बोलू नका, आधी बघा.”

त्यांनी काच माझ्या डोळ्याशी आणली. तोच देखावा : वळून पाहणारी नळी, तिची स्वतःची काळी पाठ, भोवती गुलाबी भिंत, आणि सर्वत्र माझे ठिपके. अकराच्या जागी, मध्यापासून तिसऱ्या वर्तुळात, आणखी एक.

“आता सांगा,” त्या म्हणाल्या आणि मनगट कणभर फिरवले.

चित्र सरकले. त्रेचाळीस ठिपके जिथल्या तिथे राहिले. एक सरकला.

तो क्षण मला आजही शब्दांत पकडता येत नाही. आकाशाकडे वर्षानुवर्षे पाहणाऱ्याला हजारो स्थिर ताऱ्यांतला एक तारा हलताना दिसला, तर त्याला जे वाटत असेल, ते मला त्या खोलीत वाटले. मी दोन वर्षे ज्यांना मृत म्हणून मोजत आलो होतो, त्यांच्यात हा एक जिवंत होता. आणि मी तोंड उघडण्यापूर्वी त्याने स्वतःच आपली ओळख दिली. काळा कण पाण्याने सुटून बाजूला झाला आणि त्याच्या जागेवरून केसाएवढी बारीक लाल धार उसळली. थांबली. पुन्हा उसळली. शेजारी सिस्टर नाडी मोजत होत्या, एकशे दहा. आणि त्या मोजणीच्या नेमक्या ठेक्यावर ती धार उठत होती. बाईंचे हृदय मला दिसत होते. ज्या भिंतीवर सत्तावन्न वर्षांत कधी दिवसाचा उजेड पडला नव्हता, तिच्यावर एवढा शुद्ध लाल रंग होता, आणि तो कोणी पाहावा म्हणून नव्हता.

“सरकतोय, मॅडम,” मी म्हणालो. “तंतू नाही.”

“ठीक. काच इकडे द्या, आणि सुई.”

ती सुई आम्ही अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी वापरत असू : लांब, बारीक नळीच्या टोकाशी लपलेली, मुठीतल्या खटक्याने पुढे येणारी. अशा धमनीसाठी ती या विभागात कोणी वापरली नव्हती. दहा हजार भागांत एक भाग अॅड्रिनॅलिन असे पातळ केलेले औषध सिस्टरांनी भरून दिले. या औषधाने धमनी आक्रसते, आणि भोवती साठलेला द्रव तिला बाहेरून दाबून धरतो. सुई मी सरकवायची, खटका मी दाबायचा, नेम डॉक्टरांचा.

“पुढे. थांबा. दाबा. एक मिलिलिटर.”

वर एक, खाली एक, डावीकडे एक. बाईंचा हात खाटेची कड घट्ट धरून होता, पण त्या हलल्या नाहीत. चौथ्या टोचणीला डॉक्टरांनी श्वास रोखल्याचे मला ऐकू आले.

“बघा,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी मला काच का दिली, हे मला तेव्हा कळले नाही. आता वाटते, असे काही एकट्याने पाहणे त्यांनाही जड गेले असावे.

धारेभोवतीची गुलाबी भिंत पांढरी पडत चालली होती. ओल्या वाळूवर पाऊल पडताच भोवतीचे पाणी आत ओढले जाऊन ती फिकी पडते, तशी. धार बुटकी झाली. बोटभर, मग नखभर. मग नुसताच एक थेंब आला, जागेवर थरथरला, आणि खाली ओघळला नाही. नऊ वाजून त्रेपन्न मिनिटे. आम्ही नळी न हलवता दहा मिनिटे तशीच धरून ठेवली. तोवर दहा वाजून गेले होते. शल्यचिकित्सक आत आले. त्यांना काच दिली. त्यांनी बराच वेळ पाहिले, दारातली चाकांची खाट परत पाठवण्याची हाताने खूण केली, आणि जाताना माझ्याजवळ थांबून विचारले, “गिनती हर हफ्ते करते हो?”

“जी. हर शनिवार.”

ते मान हलवून निघून गेले.

बाईंच्या तोंडातले कडे काढले. घसा बधिर असल्यामुळे शब्द जड येत होते. “लागला का नंबर?” त्यांनी विचारले. डॉक्टर हसल्या; त्यांना हसताना मी दोन वर्षांत प्रथमच पाहिले. बाहेर बाकावर सूर्यकांतराव चष्म्याचे घर उघडझाप करत बसले होते. मी त्यांना सांगितले. ते उठले, चार पावले चालून परत आले आणि म्हणाले, “मी चहा प्यायलो. तिला सांगू नका.”

त्या दुपारी मी वहीतली चव्वेचाळीस क्रमांकाची नोंद एका रेघेने खोडली. खालचे अक्षर वाचता येईल अशीच खोडली. पुढे लिहिले : ‘रद्द. तंतू नव्हता. न फिरवता नोंद केली, ही तंत्रज्ञाची चूक.’ डॉक्टरांनी त्याखाली सही केली आणि सहीच्या वर एक ओळ स्वतःच्या हाताने घातली : ‘स्थान अचूक नोंदवलेले असल्यामुळे जागा सापडली.’ ती ओळ मी मागितली नव्हती. त्यानंतर विभागात नियम झाला : नवा ठिपका दिसला की आधी नळी फिरवायची, मग तोंड उघडायचे.

बाईंवर आणखी बारा दिवस लक्ष ठेवले. त्यांना रक्तपेढीतली शेवटची बाटली लागली नाही.

तीन महिन्यांनी, शनिवार, २१ फेब्रुवारी १९८७ रोजी सबनीस पतिपत्नी पुन्हा तपासणीसाठी आले. दुर्बिणीने पाहिले तेव्हा त्या जागी काहीही नव्हते. माहीत असलेल्यालाच दिसेल असा एक फिकट खळगा होता. तपासणी झाल्यावर बाई जायला तयार होईनात.

“मला ते तुमचं स्मशान बघायचंय,” त्या म्हणाल्या.

“अगं, त्यांना कामं आहेत,” सूर्यकांतराव म्हणाले.

“माझंच काम आहे ते. मी होते त्यात दोन दिवस.”

दुर्बीण धुऊन झाल्यावर मी पांढरा कागद लावला आणि काच त्यांच्या हाती दिली. एक्स्चेंजमधल्या फलकावरचे दिवे मोजण्याची तीस वर्षांची सवय होती ती. ओठ न हलवता, एकदाही न अडखळता त्यांनी गोल पुरा केला.

“पंचेचाळीस.”

“बरोबर. मधल्या काळात दोन गेले.”

“फिरवून पाहिलेत?”

“दोन्ही वेळा.”

त्यांनी काच परत दिली, पदर सारखा केला आणि पतीच्या हातातून चष्म्याचे घर घेतले. जिन्यापर्यंत त्या आधाराशिवाय चालत गेल्या. रक्ततपासणीचा कागद दुपारी आला; तो मी वहीत, खोडलेल्या नोंदीसमोर चिकटवला. हिमोग्लोबिन : बारा पूर्णांक एक.